कुवेतला नोकरीसाठी येताय? आधी देश समजून घ्या, मग करारावर सही करा

कुवेतच्या नोकरीचं पत्र हातात पडलं की आपल्याकडे पहिला प्रकार होतो तो मोबाइलवर गुणाकाराचा. एक दिनार म्हणजे अडीचशेहून जास्त रुपये, गुणिले पगार. आकडा छान दिसतो आणि बाकीचे प्रश्न विचारायचे राहून जातात. कंपनीला पैसे कोण देतं? व्हिसा कुठल्या कलमाचा आहे? राहायला कुठे ठेवणार? इथली दोन-चार वर्षं बरी जाणार की मनस्तापाची, हे माझ्या मते पगारापेक्षा या तीन उत्तरांवर जास्त ठरतं. ती उत्तरं शोधायची तर देश चालतो कसा हे थोडं माहीत हवं. म्हणून सुरुवात नकाशापासून.

१. नकाशा डोक्यात बसवा

कुवेतचं क्षेत्रफळ १७,८१८ चौरस किलोमीटर आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा जेमतेम मोठं. उत्तरेला आणि पश्चिमेला इराक, दक्षिणेला सौदी अरेबिया, पूर्वेला आखात. देशात नदी नाही, तलाव नाही. पाऊस वर्षाला सरासरी शंभर-सव्वाशे मिलिमीटर, तोही हिवाळ्याच्या चार महिन्यांत. जमीन सपाट आहे. पश्चिमेकडे हळूहळू चढत जाऊन जास्तीत जास्त ३०० मीटरच्या आसपास पोचते. घाटाची सवय असलेल्याला सुरुवातीला दिशाच कळत नाही, कारण खूण धरायला डोंगरच नाही.

लोकसंख्या पन्नास लाखांच्या आत-बाहेर. त्यातले कुवेती नागरिक साधारण एक तृतीयांश, बाकी सगळे बाहेरचे. बाहेरच्यांत सर्वात मोठा गट भारतीयांचा, दहा लाखांच्या घरात. ही सगळी वस्ती एका पट्ट्यात कोंबलेली आहे: पश्चिमेला जहरा, मधे खाडीकाठचं कुवेत शहर, तिथून किनाऱ्याने दक्षिणेला सालमिया, फिंतास, महबूला, मंगफ, फहाहील. या पट्ट्याबाहेर वाळवंट, तेलक्षेत्रं, लष्करी भाग, आणि दोन टोकांना शेती: उत्तरेला अब्दली, दक्षिणेला वफरा. काकडी-टोमॅटो इथलेच मिळतात म्हटल्यावर नव्या माणसाला आश्चर्य वाटतं, पण या दोन ठिकाणी ग्रीनहाऊसमध्ये ते पिकतात.

प्रशासकीय विभाग सहा: राजधानी, हवल्ली, फरवानिया, मुबारक अल-कबीर, अहमदी आणि जहरा. हे पाठ करा, कारण सरकारी दवाखान्यापासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळं 'तुमचा विभाग कुठला' यावर चालतं. तेलाची कामं बहुतेक अहमदी विभागात, व्यापार आणि कार्यालयं राजधानीत, गॅरेज आणि गोदामं शुवैखला, पेट्रोकेमिकलचे कारखाने शुऐबाला. नोकरीच्या पत्रात नुसतं 'कुवेत' लिहिलं असेल तर कामाची जागा विचारून घ्या. फहाहीलला काम आणि जहराला खोली असं जमलं तर रोजचे दोन-तीन तास बसमध्ये जातील.

२. पैसा कुठून येतो, आणि तुमची कंपनी त्या साखळीत कुठे आहे

हा मुद्दा जरा सविस्तर, कारण पगार वेळेवर येणार की नाही याचं मूळ इथे आहे.

तेलाआधीचं कुवेत मोत्यांवर आणि गलबतांवर जगत होतं. इथली गलबतं बसऱ्याचा खजूर आणि आखातातले मोती घेऊन मुंबईला यायची, आणि मलबारहून सागवान घेऊन परत जायची. मुंबईशी संबंध इतका जवळचा की १९६१ पर्यंत इथे व्यवहार रुपयांत होत होते. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळे रुपये छापले, आणि १ एप्रिल १९६१ ला कुवेतने स्वतःचा दिनार आणला. जुन्या कुवेती माणसाच्या तोंडी अजूनही रुपया, आणा असे शब्द येतात.

बुर्गानला १९३८ मध्ये तेल लागलं. महायुद्धामुळे काम थांबलं, आणि पहिलं जहाज भरलं ते ३० जून १९४६ ला. बुर्गान हे सौदीच्या घवारनंतर जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं तेलक्षेत्र मानलं जातं. १९७५ मध्ये तेल पूर्णपणे सरकारच्या ताब्यात आलं, १९८० मध्ये कुवेत पेट्रोलियम कॉर्पोरेशन स्थापन झालं. तिच्या हाताखाली वेगवेगळ्या कंपन्या आहेत: तेल काढणारी कुवेत ऑइल कंपनी, म्हणजे सगळे म्हणतात ती केओसी, रिफायनऱ्या चालवणारी केएनपीसी, आणि अल-झूरची नवी रिफायनरी चालवणारी किपिक. मीना अल-अहमदी, मीना अब्दुल्ला आणि अल-झूर या तीन रिफायनऱ्या सध्या चालू आहेत. एकट्या अल-झूरची क्षमता दिवसाला ६ लाख १५ हजार पिंप आहे.

सरकारच्या उत्पन्नात तेलाचा वाटा ९० टक्क्यांच्या आसपास. व्यक्तीला आयकर नाही, व्हॅटही नाही. म्हणजे सरकारची तिजोरी भरते ती जवळपास एकाच नळाने, आणि त्या नळाचं तोंड होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातं, कारण कुवेतला तेल बाहेर पाठवायला दुसरी वाट नाही. सौदी आणि अमिरातीने पर्यायी पाइपलाइन टाकल्या आहेत. कुवेतला भूगोलच तशी सोय देत नाही. होर्मुझची बातमी आली की इथले जुने लोक टीव्हीचा आवाज वाढवतात, ते उगाच नाही.

कुवेतने बचत मात्र केली. स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं तेव्हा, १९५३ मध्ये, तेलाचा पैसा परदेशात गुंतवणारं मंडळ लंडनमध्ये उभं राहिलं. जगातला हा अशा प्रकारचा पहिला सरकारी निधी. १९७६ मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी स्वतंत्र निधी काढला. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने देश गिळला आणि माघार घेताना सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवून दिल्या, तेव्हा देश पुन्हा उभा करायला याच बचतीचा आधार झाला. सांगायचं तात्पर्य असं की कुवेत बुडण्याची भीती नको. तुमची कंपनी बुडू शकते, किंवा पगार थकवू शकते.

तेल स्वस्त झालं की सरकारी प्रकल्पांची बिलं उशिरा निघतात. ती उशिरा निघाली की मोठा कंत्राटदार उपकंत्राटदाराला थांबवतो, उपकंत्राटदार माणसं पुरवणाऱ्या कंपनीला थांबवतो, आणि शेवटच्या पायरीवर वेल्डर, फिटर, हेल्पर बसलेला असतो. २०१४ ला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरच्या खाली गेलं होतं. त्या काळात हजारो भारतीय कामगारांचे पगार महिनोन्‌महिने अडकले आणि प्रश्न आपल्या संसदेपर्यंत गेला.

म्हणून मुलाखतीत किंवा एजंटला थेट विचारा: काम केओसीचं की केएनपीसीचं? मुख्य कंत्राटदार कोण? माझा व्हिसा कोणाच्या नावावर निघणार, मुख्य कंत्राटदाराच्या की मॅनपॉवर सप्लाय कंपनीच्या? कंत्राट किती वर्षांचं, आणि त्यातलं किती उरलंय? शटडाउनचं काम असेल, म्हणजे रिफायनरी दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद ठेवतात ते, तर त्यानंतर काय? एजंट या प्रश्नांवर चिडला, तर तेही एक उत्तरच समजा.

तेलाच्या कामाला येणाऱ्यांसाठी आणखी एक. इथल्या विहिरींत हायड्रोजन सल्फाइड असतो. विषारी वायू; थोड्या प्रमाणात सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासाच होतो. त्याचं प्रशिक्षण आणि गेटपास असल्याशिवाय क्षेत्रात सोडत नाहीत. प्रशिक्षणाच्या दिवशी झोपा काढू नका.

तेलाबाहेर नोकऱ्या आहेतच: दवाखाने, शाळा, सहकारी सोसायट्यांची दुकानं, बँका, हॉटेलं, घरकाम, ड्रायव्हिंग. पण ही सगळी दुकानं कुवेती माणसाच्या पगारावर चालतात, आणि नोकरी करणारे बहुतेक कुवेती सरकारी खात्यात आहेत. म्हणजे फिरून पुन्हा तेलच. शिवाय सरकारी नोकऱ्यांत परदेशी माणसाच्या जागी कुवेती माणूस घ्यायचं धोरण आहे. सरकारी खात्यातली कारकुनी जागा कायमची धरून चालू नका.

३. निघण्याआधी: कागद

कुवेतमध्ये व्हिसा कलमाच्या आकड्याने ओळखतात. १७ म्हणजे सरकारी नोकरी, १८ खासगी कंपनी, २० घरकाम, २२ कुटुंब. एजंट म्हणेल, 'दुकानात काम आहे, पण व्हिसा २० चा काढतो, लवकर मिळतो.' तिथेच थांबा. घरकामाच्या व्हिसावर दुकानात किंवा गॅरेजमध्ये काम करणं बेकायदा आहे. धाडीत सापडलात तर थेट परत पाठवणी होते आणि पुन्हा येण्यावर बंदी बसते. तसाच 'फ्री व्हिसा' नावाचा प्रकार. कायद्यात असलं काही नसतं. कुणीतरी आपल्या नावावर व्हिसा काढून विकलेला असतो, आणि दरवर्षी नूतनीकरणाला पुन्हा पैसे मागतो.

पासपोर्टवर इसीआर असा शेरा असेल, म्हणजे साधारणपणे दहावी झालेली नसेल, तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून परवानगी घेतल्याशिवाय जाता येत नाही. त्यासाठी दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे. हप्ता अगदी किरकोळ असतो. इसीआर नसलेल्यांनीही तो काढावा. नोंदणीकृत एजंटला घेता येणारं शुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी. लाख-दीड लाख मागणारा एकतर नोंदणीकृत नाही किंवा नियम मोडतोय. एजंटचा नोंदणी क्रमांक पोर्टलवर तपासता येतो. इसीआर पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय किमान ३० लागतं.

शिक्षणाची प्रमाणपत्रं आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग कुवेतचा दूतावास अशा ओळीने साक्षांकित होतात. याला काही आठवडे लागतात, म्हणून नोकरी पक्की व्हायच्या आधीच सुरुवात करा. इंजिनिअरांनी एक गोष्ट खास तपासावी. २०१८ पासून इथे इंजिनिअर या पदनामासाठी भारतीय पदवीच्या अभ्यासक्रमाला एनबीएची, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रम तपासणाऱ्या आपल्याकडच्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता होती का, हे बघायला लागले. आपल्याकडच्या कितीतरी खासगी कॉलेजांना ती नव्हती, आणि वर्षानुवर्षं इंजिनिअर म्हणून राबलेल्यांच्या अकाम्यावर, म्हणजे निवासाच्या परवान्यावर, पद बदलून टेक्निशियन किंवा सुपरवायझर झालं. तुमच्या शाखेला तुमच्या वर्षी मान्यता होती का, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

करार अरबीत असतो आणि वाद झाला तर अरबी मजकूरच ग्राह्य धरतात. भाषांतराची प्रत मागून मूळ पगार, भत्ते, ड्यूटीचे तास आणि पदनाम हे चार रकाने जुळतात का पाहा. 'एकूण पगार' मोठा आणि 'मूळ पगार' लहान असेल तर त्याचा अर्थ लेख संपताना कळेल.

४. बॅग भरताना

आई लाडू देणार, बहीण अनारसे देणार. अनारशांवरची खसखस तेवढी टाळायला सांगा. आखाती देशांत खसखशीकडे अफूच्या रोपाचं बी म्हणून बघतात, आणि विमानतळावर दिवाळीचं स्पष्टीकरण चालत नाही. मसाल्याच्या डब्यातही ती नको. गुटखा नको, दारू नको. कुवेतमध्ये दारूवर पूर्ण बंदी आहे, हॉटेलातसुद्धा मिळत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या म्हणजे अमली पदार्थांचं प्रकरण. रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्या. ओळखीच्या माणसाने 'एवढं पार्सल माझ्या भावाला दे' म्हटलं तर उघडून बघा, नाहीतर नाही म्हणा. यावर नाती तुटली तरी चालतील.

स्वेटर मात्र घ्या. डिसेंबर-जानेवारीत वाळवंटातल्या रात्री कडाक्याच्या असतात आणि साइटवर पहाटे दात वाजतात. बाकी कुकर, तवा, पोहे, कोकम, भाकरीचं पीठ हे सगळं इथल्या दुकानांत मिळतं, उगाच किलो वाया घालवू नका.

५. पहिला महिना

मुंबईहून विमान साधारण चार तासांत पोचतं. घड्याळ अडीच तास मागे करा.

आल्यावर क्रम असा: मेडिकल (रक्त आणि छातीचा एक्सरे), बोटांचे ठसे, आरोग्य विमा, मग अकामा म्हणजे निवासाचा परवाना, आणि शेवटी सिव्हिल आयडी, ज्याला सगळे 'बताका' म्हणतात. हे सगळं कंपनीचा मंदूब करतो. सरकारी कचेऱ्यांतून कागद फिरवणं हेच त्याचं काम. त्याच्याशी गोड राहा, पण त्याला पैसे द्यायची वेळ आली तर पावती मागा. अकाम्याचा खर्च मालकाने करायचा असतो.

बताका हातात येईपर्यंत पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स सतत खिशात ठेवा. रस्त्यात तपासणी होते. कार्ड आलं की 'कुवेत मोबाइल आयडी' आणि 'सहेल' ही दोन सरकारी ॲप्स घ्या. अकाम्याची मुदत, दंड, तुमच्या नावावर काही खटला आहे का, सगळं तिथे दिसतं. महिन्यातून एकदा बघायची सवय लावा. अकामा संपल्याचं मालक सांगेल या भरवशावर राहिलेले लोक मी पाहिलेत.

पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं इथल्या कायद्यात बसत नाही. तरी 'सेफमध्ये ठेवतो' म्हणून मागतात. नव्या माणसाला नाही म्हणणं जड जातं हे खरं. निदान रंगीत स्कॅन स्वतःच्या मेलवर आणि घरी ठेवा, आणि दिल्याची लेखी पोच घ्या.

६. राहायची जागा

बायको-मुलं सोबत नसलेला पुरुष इथे बॅचलर, मग गावी चार मुलं असोत. कुवेती कुटुंबांच्या वस्त्यांत बॅचलरना भाड्याने घर देता येत नाही. त्यामुळे आपली वस्ती ठरलेल्या भागांत: जलीब, ज्याला सगळे अब्बासिया म्हणतात, फरवानिया, खैतान, सालमिया, हवल्ली, महबूला, मंगफ, फहाहील. मराठी माणूस विखुरलेला आहे, पण आहे. रत्नागिरी-रायगडची कोकणी मुस्लिम मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथे येतात, गोंयकार तर इतके की गोव्याचे तियात्र इथल्या रंगमंचावर होतात. महाराष्ट्र मंडळही आहे. गणपतीच्या दिवसांत चौकशी करा, जेवणाचा प्रश्न एक दिवस सुटतो.

कंपनीची खोली मिळाली तर आनंद, पण आल्या दिवशी तीन गोष्टी बघा. जिन्यात सामान, सिलिंडर रचलेत का? गच्चीचं दार उघडतं की कुलूप आहे? खोल्यांच्या मधे प्लायवूड किंवा पुठ्ठ्यासारखे पडदे मारून माणसं वाढवलीत का? १२ जून २०२४ ला मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि चाळीसहून जास्त भारतीय गेले. बहुतेक धुराने गुदमरून. त्यानंतर पालिकेने तळघरं आणि बेकायदा बांधकामं रिकामी करायची मोहीम काढली. तुमच्या इमारतीत असं काही दिसलं तर एकट्याने भांडू नका, चार जणांनी मिळून कंपनीला लिहा, आणि दुसरी बाहेर पडायची वाट कुठली ते आजच पाहून ठेवा. आपत्कालीन क्रमांक एकच, ११२.

स्वतः बेड स्पेस, म्हणजे सामायिक खोलीतली एक खाट, शोधणार असाल तर भाड्यात वीज-पाणी आहे का, एसी मध्यवर्ती आहे की खिडकीचा, आणि रखवालदाराकडे, म्हणजे हारिसकडे, तुमचं नाव नोंदलं जाणार का, हे विचारा. सिव्हिल आयडीवर पत्ता खरा लागतो. खोटा निघाला तर दंड आहे.

७. पाणी, वीज आणि उन्हाळा

तेलाआधी कुवेतचं पिण्याचं पाणी होड्यांतून शत अल-अरब नदीतून यायचं. आज नळाचं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी: कुवेतमधल्याच दोहा, सबिया, झूर इथल्या केंद्रांत वीज तयार होताना त्याच उष्णतेवर ते गोडं करतात. शहरभर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे छत्रीसारखे उंच मनोरे दिसतात त्या पाण्याच्या टाक्या. किनाऱ्यावरचे प्रसिद्ध कुवेत टॉवर्ससुद्धा मुळात त्याच योजनेचा भाग. वीज आणि पाणी एकाच भट्टीतून येत असल्याने एक अडलं की दुसऱ्यावर ताण येतो. वीज सवलतीत मिळते, म्हणून बिल फारसं जाणवत नाही. उन्हाळ्यात मागणी १७ हजार मेगावॅटच्या आसपास जाते, बहुतेक एसीमुळे. २०२४ च्या जूनमध्ये सरकारला भागाभागाने वीज बंद ठेवावी लागली. तेलाच्या समुद्रावर बसलेला देश वीज बनवायला बाहेरून जहाजाने गॅस आणतो, ही इथली गंमत आहे.

उन्हाळा किती कडक? २१ जुलै २०१६ ला मित्रिबा इथे ५३.९ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने तो आकडा तपासून मान्य केला. जून ते ऑगस्ट, सकाळी ११ ते दुपारी ४, उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. मालक ऐकत नसेल तर तक्रार करता येते.

खोलीतली एक युक्ती पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. जुलैत गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, आणि थंड नळाला हात लावला तर भाजतो. म्हणून मे संपला की गीझरचं बटण बंद करायचं. गीझरची टाकी घरात, एसीच्या हवेत असते, तिच्यातलं पाणी निवतं. मग गरम पाण्याचा नळ उघडला की थंड पाणी येतं आणि थंडाचा उघडला की गरम. तेही दोन बादल्यांपुरतं. तुमच्या आधी कोणी आंघोळ केली असेल तर रात्री भरून ठेवलेली बादली हाच उपाय.

प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे. दाब २४० व्होल्ट, त्यामुळे आपली उपकरणं चालतात, फक्त अडॅप्टर लागतो.

धुळीचं वादळ आलं की बाहेर काही दिसत नाही. दम्याच्या लोकांनी औषध जवळ ठेवावं. पाऊस थोडा, पण पडला की रस्ते तुंबतात. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये असा पडला की सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

८. रस्ते आणि पत्ता

रेल्वे नाही, मेट्रो नाही. शहराची रचना वर्तुळांची आहे. जुन्या गावकुसाची भिंत १९५७ मध्ये पाडली, तिच्या जागी फर्स्ट रिंग रोड झाला, आणि त्याबाहेर एकेक करत सेव्हन्थ रिंगपर्यंत. त्यांना छेदून महामार्ग दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे जातात. 'फोर्थ रिंगवर, फहाहील रोडच्या अलीकडे' असं सांगितलं की जागा कळते. पत्ता म्हणजे भाग, ब्लॉक, रस्ता, इमारत. प्रत्येक इमारतीवर सरकारी क्रमांकाची पाटी असते. 'कुवेत फाइंडर' ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की थेट दारात नेतं. रुग्णवाहिकेला सांगायलाही हाच क्रमांक उपयोगी, म्हणून आपल्या इमारतीचा पाठ करा.

बस स्वस्त आहे, काही शे फिल्सात कुठेही जाता येतं, पण दुपारी थांब्यावर उभं राहणं हीच शिक्षा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. लायसन्ससाठी परदेशी माणसाला पगार, शिक्षण, वास्तव्य अशा अटी आहेत. ड्रायव्हरच्या पदावर आलेल्यांना वेगळ्या. २२ एप्रिल २०२५ पासून नव्या कायद्याने दंड वाढले: गाडी चालवताना फोन हातात धरला तर ७५ दिनार, पट्टा नसेल तर ३०. हेल्परचा महिन्याचा पगार आणि फोनचा दंड जवळपास एकाच ओळीत बसतात.

सुट्टीच्या दिवशी उत्तरेकडचा शेख जाबेर पूल बघून या. २०१९ च्या मे महिन्यात खुला झाला. मुख्य भाग ३६ किलोमीटरचा, खाडी ओलांडून सबियाला नेतो. पलीकडे अजून फारसं काही नाही.

९. दिनार हाताळताना

एका दिनारात हजार फिल्स, म्हणून दशांशानंतर तीन आकडे असतात. बिलावर १.७५० दिसलं की नवा माणूस एक हजार सातशे पन्नास वाचतो आणि घाबरतो. पाव आणि अर्ध्या दिनाराच्याही नोटा आहेत. रंग ओळखायला शिका, कारण टॅक्सीत घाईत चूक होते. रोजची खरेदी वस्तीतल्या सहकारी सोसायटीच्या दुकानात, जमियात, करा. बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, तीच वस्तू थोडी महाग पडते. सरकारी अनुदानाची खुबूस, म्हणजे इथली रोटी, पोट भरायला सर्वात स्वस्त.

पगार बँकेतच जमा व्हायला हवा, आणि मेसेज तुमच्या नंबरवर यायला हवा. एटीएम कार्ड कोणी 'जमा' करून घेत असेल तर ते कार्ड परत मागा. गावी पैसे पाठवायला एक्स्चेंज कंपन्यांची ॲप्स आहेत. दोन-तीन ठिकाणचा दर आणि शुल्क मिळून बघा, नुसता दर बघू नका. हुंडीवाला चार पैसे जास्त देतो, पण पैसे बुडाले तर पोलिसांत जायची सोय नाही. भारतात एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं बँक खातं उघडा.

रमजानात दिवसा चारचौघांत खाणं-पिणं, अगदी पाणीसुद्धा, कायद्याने गुन्हा आहे. त्या महिन्यात कामाचे तास आठवड्याला ३६ वर येतात.

१०. हक्क, आणि निघतानाचा हिशेब

खासगी क्षेत्राचा कामगार कायदा २०१० चा, क्रमांक ६. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. जादा तासाला सव्वापट. वर्षाला ३० दिवस भरपगारी रजा. चाचणीचा काळ जास्तीत जास्त १०० दिवस. महिना पगारावर असलेल्याला तीन महिन्यांची नोटीस. घरकामगारांचा कायदा वेगळा, २०१५ चा: १२ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि आठवड्याला एक सुट्टी. कंपनी बदलायची असेल तर पहिली तीन वर्षं मालकाची संमती लागते. तक्रार मनुष्यबळ प्राधिकरणाकडे, ज्याला लोक अजून जुन्या नावाने 'शून' म्हणतात. भारतीय दूतावासातही कामगार विभाग आहे.

१ जुलै २०२५ पासून १८ कलमावरच्या माणसाला देशाबाहेर जाताना मालकाच्या मंजुरीचा एक्झिट परमिट लागतो, रजेवर जातानाही. अर्ज सहेलवरून होतो. तिकीट काढण्याआधी परमिट घ्या. गावी लग्न आहे म्हणून विमानतळावर सोडत नाहीत.

आता मूळ पगाराचं गणित. सेवा संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला १५ दिवसांचा पगार मिळतो, पुढे प्रत्येक वर्षाला एक महिन्याचा. दिवसाचा दर काढताना महिन्याचे २६ दिवस धरतात. समजा पगार ३०० दिनार आणि नोकरी सहा वर्षं. पाच वर्षांचे ७५ दिवस म्हणजे ८६५ दिनार, सहाव्या वर्षाचे ३००, एकूण ११६५. हे मालकाने काढलं किंवा करार संपला तर. स्वतः राजीनामा दिला तर तीन वर्षांच्या आत काहीच नाही, तीन ते पाच वर्षांत निम्मे, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश, दहानंतर पूर्ण. म्हणजे वरच्या उदाहरणात राजीनामा देणाऱ्याच्या हातात ७७७ पडतात. आणि करारात मूळ पगार १५० दाखवून बाकीचे १५० 'भत्ता' म्हणून लिहिले असतील, तर हिशेबाच्या दिवशी बऱ्याच कंपन्या १५० वरच गुणाकार मांडायला बघतात. नियमित मिळणारे भत्ते मोजायला हवेत असं सांगता येतं, पण त्यासाठी पगाराच्या पावत्या आणि बँकेचे उतारे हाताशी लागतात.

शेवटच्या कागदावर 'सर्व येणी मिळाली' असं अरबीत लिहिलेलं असतं. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच त्यावर सही करा.